सहा सेंटिमीटरचं झाड

आमच्या ऑफिसात मिलिमीटरचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. नवीन आलेले लोक ते वाचून विचारायचे, "हे कोण गृहस्थ? कधी दिसत नाहीत." मग आम्ही मागच्या खोलीकडे बोट दाखवायचो. खिडकीपाशी, डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात मुंगीएवढा दरवाजा धरून जो माणूस बसलेला असायचा, तो मिलिमीटर. इमारतींची मॉडेल करणं हे त्याचं काम. मी त्याच ऑफिसात नकाशे काढायचो. एकतीस वर्षं आमची टेबलं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड होती, आणि त्यातली निदान तीस आम्ही भांडण्यात घालवली.

भांडणाचं कारण नेहमी एकच. माझ्या नकाशात एखादी पायरी मोजायला चुकली, की हा माझ्या दारात उभा. मॉडेलमध्ये ठेवायचा सेंटिमीटरभर उंचीचा माणूस चिमट्यात धरून तो साक्षीदारासारखा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "हा बघ, तुझ्या जिन्यावर डोकं आपटून मेला." मला राग यायचा. चूक खरी असायची म्हणून जास्तच यायचा.

आमच्याकडे येण्याआधी तो दातांच्या कवळ्या बनवायचा. मॅडमच्या, म्हणजे आमच्या आर्किटेक्ट बाईंच्या, वडिलांची कवळी त्याने केली होती. ती इतकी चपखल बसली की म्हातारबुवा पहिल्याच दिवशी भाजलेले शेंगदाणे खाऊन मोकळे झाले. मॅडमनी त्याला तिथून उचलून आणला. पहिल्या आठवड्यात तो एक बांधकाम बघायला आला आणि हादरून परत गेला. कवळीत अर्धा मिलिमीटर चुकला तर माणूस जेवू शकत नाही आणि इथे भिंत चार बोटं सरकली तरी लोक आनंदाने राहतात, हे त्याला पचेना. शेवटपर्यंत पचलं नाही.

त्याची झाडं मात्र बघण्यासारखी असायची. रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर जे वाळलेलं तण उभं असतं, त्याचे शेंडे तो गोळा करायचा. ऑफिसला येताना त्याच्या पिशवीत डबा कमी आणि काड्या जास्त. ते शेंडे डिंकात बुडवायचे, हिरव्या रंगवलेल्या स्पंजच्या भुशात घोळवायचे, वाळवायचे आणि कात्रीने गोल करायचे. गोल म्हणजे अगदी गोल. कंपास लावून बघितलं तरी चूक सापडायची नाही. अशी त्याने आयुष्यात किती हजार झाडं केली असतील कोण जाणे. घरी मात्र कुंडीतलं एक रोप त्याच्या हातून टिकलं नाही. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या हातून प्लॅस्टिकचं झाडसुद्धा वाळेल."

मॅडमचं वेड वेगळंच. इमारतीत बसलेल्या माणसाला बाहेर काय चाललंय ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ऊन कुठून आलं, कुठे गेलं, वारा पडला का, झाडाला नवी पानं आली का. त्यांनी एका बँकेच्या छताला मधोमध भोक ठेवलं होतं, खाली छोटं तळं. तिथला कॅशियर मला भेटला की म्हणायचा, "तुमच्या मॅडमना सांगा, काल काउंटरवर बेडूक होता." मला स्वतःला ही थेरंच वाटायची. माणसाने भिंती कशासाठी बांधल्या? बाहेरचं बाहेर राहावं म्हणूनच ना? पण पगार मॅडम देत होत्या, त्यामुळे मी भोकाचे नकाशे निमूट काढत होतो.

चौदा वर्षांपूर्वी एका रुग्णालयाची स्पर्धा लागली. शहराबाहेर मोठी जागा, मागे टेकडी, चार ऑफिसं रिंगणात. आमची परिस्थिती त्या वर्षी नाजूक होती. सगळीकडे संगणकावर चित्रं करून दाखवायची पद्धत आली होती, आणि मॉडेलची खोली बंद करून तिथे दोन संगणक बसवावेत असं मॅडमचे भागीदार म्हणत होते. मॅडमनी मिलिमीटरला बोलावून सरळच सांगितलं, "हे काम मिळालं तर तुमची खोली राहील. नाही मिळालं तर माझ्या हातात काही नाही." तो तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. एक्कावन्नाव्या वर्षी डिंकाने बोटं चिकटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं? तो फक्त "बरं" म्हणाला आणि पट्ट्या पुसायला बसला.

त्याची कामाची एक रीत होती. आधी जमीन, मग इमारत. माझ्या संगणकातल्या नकाशावर त्याचा विश्वास नव्हता. मोजणीदाराने जागेवर जाऊन केलेला मूळ कागद त्याला लागायचा. त्यावर चढ-उतार, विहीर, खांब, झाडं सगळं असतं. झाड म्हणजे एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका: वर्तुळ म्हणजे पानांचा घेर, ठिपका म्हणजे खोड. मूळ कागद माझ्या टेबलावर होता. मेहुणीच्या लग्नासाठी मी आठ दिवस रजेवर निघालो होतो, घाईत होतो. जाता जाता त्याची झेरॉक्स काढून मी मिलिमीटरच्या टेबलावर टाकली आणि पळालो.

परत आलो तो थेट सादरीकरणाच्या सकाळीच. मॅडमही दुसऱ्या एका कामावर बाहेरगावी होत्या, त्या परस्पर सभागृहात येणार होत्या. मिलिमीटर आणि मी मॉडेल टॅक्सीतून नेलं. वर कापड होतं. सभागृहात कापड काढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी काढलेल्या नकाशात रुग्णांच्या खोल्यांची सरळ लांब रांग होती. मॉडेलमध्ये ती रांग सरळ नव्हतीच. मधोमध धनुष्यासारखी वळलेली होती, आणि त्या वळणाच्या पोटात एक झाड उभं होतं. त्याने आजवर केलेल्या सगळ्या झाडांत मोठं, सहा सेंटिमीटर घेराचं. मॉडेलच्या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर, म्हणजे जागेवर बारा मीटरचा पसारा. गोल, भरगच्च. फक्त एका बाजूला त्या गोलात एक बारीकशी खाच होती.

ती खाच मी ओळखली. माझ्या चहाच्या कपाच्या बुडाचा तेवढाच टवका उडालेला होता. पांढरा कप, निळ्या दोन रेघा, रोज सकाळी मीच विसळायचो. रजेवर निघायच्या दिवशी तो कप मी मोजणीच्या कागदावर टेकवला होता, उचलताना एक थेंब मधोमध पडला होता. मी बाहीने पुसल्यासारखं केलं आणि झेरॉक्स काढायला गेलो. मूळ कागदावर तो चहाचा तपकिरी डाग होता. झेरॉक्समध्ये सगळंच काळं. वर्तुळ आणि मधोमध ठिपका. मिलिमीटरने माझ्या चहाचं झाड केलं होतं, खाचेसकट.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेल, पण तेवढ्यात मॅडम आल्या, मागोमाग समिती आली. मॅडमनी वळलेली रांग बघितली, माझ्याकडे बघितलं, मिलिमीटरकडे बघितलं. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. पुढे त्यांनी सांगितलं की हॉटेलवर असताना मिलिमीटरचा फोन आला होता. "मॅडम, मधलं मोठं झाड ठेवायचं ना?" त्यांना वाटलं, कुंपणाजवळच्या झाडांपैकी एखाद्याबद्दल विचारतोय. घाईत त्या म्हणाल्या, "एकही झाड तोडायचं नाही. हवं तर इमारत वळवा." त्याने शब्दशः ऐकलं. तो नेहमी शब्दशःच ऐकायचा.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठी टेकत चालणारे. बाकीच्या तिघांची मॉडेल त्यांनी उभ्या उभ्या बघितली होती. आमच्यापाशी ते थांबले, वाकले, गाल टेबलाला लागेपर्यंत वाकले.

"ही रांग झाडासाठी वळवलीत?"

"हो," मॅडम म्हणाल्या. तेवढंच बोलल्या, आणि ते खोटं नव्हतं.

"गेल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांना खाटेवर झोपवलं, स्वतः पहिल्यांदा झोपलो. छताला अठ्ठेचाळीस फरश्या होत्या. एकीवर पाण्याचा डाग. तो डाग रोज बघायचो. घरी जायची वेळ आली तेव्हा त्या डागाला सोडून जाताना वाईट वाटलं, बोला." सगळे हसले. ते हसले नाहीत. "ह्या खाटांवरून झाड दिसेल?"

"बावीसच्या बावीस खाटांवरून," मिलिमीटर मागून म्हणाला. त्याने मोजलं होतं.

काम आम्हाला मिळालं. ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स फुटला, भागीदारांनी मिलिमीटरच्या पाठीवर थाप मारली, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. आधी वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, जागेवर खरंच एखादं झाड असेल, कुणी सांगावं! माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो ते मला त्या चार दिवसांत कळलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. पुढच्या शनिवारची समितीची बैठक त्यांनी त्या झाडाखालीच ठेवली होती.

मॅडम, मिलिमीटर आणि मी आदल्या दिवशी जागेवर गेलो. गुडघाभर गवत, मागे टेकडी, कुंपणाला लागून सात किडमिडी झाडं. मध्ये काही नाही. मिलिमीटर टेप घेऊन कोपऱ्यातल्या खांबापासून मोजत मोजत गेला आणि एका जागी उभा राहिला. "इथे खोड," तो म्हणाला. त्याच्या पायाशी एक नाकतोडा बसला होता, बाकी काही नव्हतं. तो परत खांबापर्यंत गेला, परत मोजलं, परत त्याच जागी येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मॅडम ओरडल्या, "अहो, पुरे! मोजून झाड उगवणार आहे का?"

नंतरचे दोन-तीन तास आठवले की मला अजून मान वर करवत नाही. मॅडमनी झेरॉक्स मागितली. त्यावर वर्तुळ होतं. त्यांनी विचारलं, "माझ्या नकाशात हे झाड नव्हतं, मग तुम्ही ताडून का नाही बघितलं?" मिलिमीटर म्हणाला, "राहिलं, मॅडम. चूक माझी." मी शेजारी उभा होतो. दोन पावलांवर. माझ्या दोन्ही मुली तेव्हा शिकत होत्या, आणि मला माझी खुर्ची हवी होती. हे कारण आहे, सबब नाही, एवढं मला कळतं.

भागीदारांनी फोनवरून तोडगा काढला: वादळात झाड पडलं म्हणून सांगा. मॅडम गप्प झाल्या, म्हणजे त्यांच्याही मनात तो विचार येऊन गेला असावा. मिलिमीटरने मान हलवली. "जे नव्हतंच ते पाडायचं कसं? पडलेलं खोड कुठून आणू? उद्या मी सांगतो त्यांना. खोली गेली तर गेली."

शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तो आमच्याआधी तिथे होता. खुंटी ठोकून, सहा मीटरची दोरी बांधून, त्याने गवतात चुन्याचं वर्तुळ आखलं होतं. बारा मीटरचं. आत आठ खुर्च्या. ऊन असं की खुर्चीला हात लावला तर चटका बसावा. समिती आली, डॉक्टर काठी टेकत आले, आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "झाड कुठंय?"

"साहेब, झाड नाही," मिलिमीटर म्हणाला. "कागदावरच्या एका खुणेला मी झाड समजलो. चूक माझी आहे, मॅडमची नाही. तुम्ही मॉडेल बघून काम दिलंत, आणि मॉडेलमध्ये खोटं होतं. आता तुम्ही म्हणाल ते." मग म्हणाला, "जागा मात्र मिलिमीटरला बरोबर आहे."

समितीतल्या एकाने रुमालाने टक्कल पुसलं. डॉक्टर वर्तुळात गेले, मधल्या खुर्चीवर बसले आणि इतरांनाही बसायला सांगितलं. बैठक सुरू झाली. दहा मिनिटांत तीन जणांनी डोक्यावर फायली धरल्या.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "नसलेलं झाडसुद्धा किती आठवतंय सगळ्यांना." मग मिलिमीटरकडे वळून, "कोणतं झाड लावलं तर हा घेर भरेल?"

"मला झाडातलं काही कळत नाही, साहेब. मी स्पंजची करतो."

"मग शिका. इमारत अशीच वळवा. झाड तुम्ही लावायचं आणि तुम्हीच जगवायचं, दुसऱ्या कुणी नाही. सावली मला मिळणार नाही, त्याला काही इलाज नाही."

काम राहिलं, खोली राहिली. पण शर्त अशी पडली की ज्याच्या हातून प्लॅस्टिकचं झाड वाळेल, त्याने झाड जगवायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोपवाटिकेतल्या बाईंनी त्याला शिरीष दिला. लवकर वाढतो, छत्रीसारखा पसरतो, म्हणाल्या. मिलिमीटरने तो लावला आणि रोज पाणी घातलं, मापी ग्लासने मोजून. खोड सरळ राहावं म्हणून तारा बांधल्या. सव्वा महिन्यात रोप गेलं. बाईंनी ते उपटून मूळ बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "बुडवून मारलंत हो." तो दोन दिवस जेवला नाही. वहिनींचा मला फोन आला, "भावजी, घरात सुतक असल्यासारखं बसलेत. एका रोपासाठी!" मी काय सांगणार?

दुसऱ्या रोपाच्या वेळी तो बदलला. पट्टी घरी ठेवून जायला लागला. दर रविवारी दोन बस बदलून जायचा, रोपाशेजारी नुसता बसायचा आणि सोमवारी येऊन मला प्रश्न विचारायचा. प्रश्न असे की उत्तर माहीत नाही म्हटलं तर लाज वाटावी. पानाच्या खालच्या बाजूचा हिरवा रंग वेगळा का? मुंग्या खोडावरून वर जाताना एका बाजूनेच का जातात? एकदा तो ऑफिसात शिरला तोच ओरडत, "अरे, तो संध्याकाळी पानं मिटतो! जोडीजोडीने, वही मिटावी तशी. सकाळी परत उघडतो. मी चाळीस-पन्नास हजार झाडं केली, मला कुणी सांगितलं नाही!"

"मग आता मॉडेलमध्ये झाड सकाळचं करणार की संध्याकाळचं?" मी टोमणा मारला.

तो खरोखर विचार करत बसला. त्याला टोमणे कळत नसत.

तोवर इमारत उठायला लागली होती. ठेकेदाराने एकदा काँक्रीटचं यंत्र त्या वर्तुळात धुतलं, तेव्हा ह्या मवाळ माणसाने जे तोंड सोडलं ते ऐकायला गवंडी काम टाकून जमले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः पत्रे आणून कुंपण घातलं. मला त्याने एक दिवस ऑफिसात टेबलावर झोपायला लावलं, कारण खाटेवर पडलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर असतो ते कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं. उशी घेऊन पंच्याऐंशी सेंटिमीटर निघाला. मग उताणं, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. शिपाई चहा घेऊन आला तो दारातूनच परत गेला. त्या आकड्यावरून मॅडमनी खिडक्यांच्या कडा इतक्या खाली आणल्या की पडल्या पडल्या माणसाला जमीनसुद्धा दिसावी. "झाडाचा शेंडा दिसून काय उपयोग," मिलिमीटर म्हणाला होता, "आपलं पहिली दहा वर्षं जमिनीवरच असणार."

रुग्णालय उघडलं तेव्हा शिरीष कमरेएवढा होता. वर्तमानपत्रात फोटो आला: भलीमोठी वळलेली इमारत आणि मध्ये एक काडी. आमच्या धंद्यातले लोक वर्षभर हसले. डॉक्टर तिसऱ्या वर्षी चाकाच्या खुर्चीतून आले होते. झाडाच्या शेजारी खुर्ची लावून म्हणाले, "आता आमची उंची सारखी आहे." त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. मिलिमीटर त्या रविवारी झाडाकडे गेला आणि पाणी न घालताच परत आला. विसरलो, म्हणाला.

झाड वाढलं, पण गोल नाही. खोल्यांच्या बाजूला भिंतीची सावली, म्हणून ते टेकडीकडे झुकलं, तिकडेच फांद्या फेकल्या. मिलिमीटर आधी अस्वस्थ झाला, डब्यातून तारा बाहेर काढून बघायला लागला. मग एक दिवस त्या तारा परत डब्यात गेल्या, आणि त्याच्या मॉडेलमधली झाडं वाकडी व्हायला लागली. एका नवीन आर्किटेक्टने तक्रार केली, "काका, माझ्या चौकातली सगळी झाडं एकाच बाजूला का पळतायत?"

"दुसऱ्या बाजूला तुमची सात मजली इमारत आहे. तिच्या सावलीत तुम्ही वाढाल का?"

पोरगी रुसली. दोन दिवसांनी तिने नकाशा बदलून आणला, इमारत दोन मजले उतरली होती. पुढे पुढे ही आमच्या ऑफिसची पद्धतच पडली. डिझाइन झालं की मिलिमीटरकडे न्यायचं, तो झाडं लावणार, आणि झाडं कुठे पळतात ते बघून आपण काय चुकलो ते ओळखायचं. मीही माझे नकाशे न्यायला लागलो. तेव्हापासून मॅडमच्या थेरांना थेरं म्हणणं मी सोडलं. बँकेतल्या बेडकाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे.

कपाची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. बैठकीनंतर सोमवारी गेलो तर तो कप ऑफिसातून नाहीसा झाला होता. मी शिपायावर उखडलो, फोडून लपवलास म्हणून. तो बिचारा शपथा घेत राहिला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. पुरावा गेला.

आम्ही दोघं निवृत्त झालो. गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलींनी मला त्याच रुग्णालयात टाकलं. खाट नंबर अकरा, वळणाच्या बरोबर मधली. पहिला दिवस गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मान वळवली आणि समोर तो. दुमजली उंचीचा, टेकडीकडे झुकलेला, खाली दाट सावली आणि सावलीत बाकावर कुणाची तरी म्हातारी आई झोपलेली. मी त्याच्या घेरात ती खाच शोधली. नव्हती. चौदा वर्षांत त्याला ज्या खाचा पडल्या त्या त्याच्या स्वतःच्या. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "सहा वाजत आले बघा. पानं मिटायला लागली." त्याच्या हातात घड्याळ होतं, त्याने ते बघितलंसुद्धा नव्हतं. मला एकदम रडू आलं. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मिलिमीटर आला. रविवार होता, झाडाकडे आलाच होता. चपलांना माती, पिशवीत थर्मास. तो बसायच्या आत मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय. चौदा वर्षं राहिलंय. ते झाड..."

"आधी चहा घे," तो म्हणाला, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक कप काढला. पांढरा. निळ्या दोन रेघा. बुडाला खाच.

त्याने चहा ओतला, नेहमीसारखा काठापासून बोटभर खाली.

"तुला माहीत होतं?"

"जागेवरून परतलो त्याच संध्याकाळी. मूळ कागद काढून बघितला. डाग तपकिरी होता, वर कप ठेवला, बसला बरोबर. म्हटलं हा इथे राहिला तर उद्या आणखी कुणी ठेवून बघेल. घरी घेऊन गेलो."

"आणि मॅडमसमोर? तेव्हा तरी बोलायचंस. ताडून बघितलं नाही म्हणालास. तू? तू ताडून बघत नाहीस?"

"बघितलं होतं की. तुझ्या नकाशात झाड नव्हतं. मला वाटलं, तू विसरलास. तू रजेवर. मॅडमना सांगितलं असतं तर तुझी खरडपट्टी झाली असती. म्हणून गुपचूप इमारतच वळवली." तो हसला. "तुझी चूक झाकायला गेलो आणि तीच करून बसलो."

तीस वर्षं ह्या माणसाशी मी पायऱ्यांवरून भांडलो होतो. मी उशीत तोंड खुपसलं. बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत झाडाची सावली हलत होती.

"का नाही बोललास?" मी शेवटी विचारलं. "इतकी वर्षं?"

"बोलून झाड उगवणार होतं का?" तो म्हणाला. "चहा निवतोय."

मी हात पुढे केला. खाटेशेजारच्या टेबलावर माझ्या गुडघ्याचा रिपोर्ट उघडा पडला होता. मिलिमीटर कप टेकवायला वाकला आणि मध्येच थांबला.

"तो कागद बाजूला घे आधी," तो म्हणाला.